विमानाचे पाय

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बख्शी का तालाब नावाचे गाव आहे. एका जुन्या तलावावरून गावाला हे नाव पडले. परंतु आज ते ओळखले जाते ते मुख्यतः तेथील भारतीय वायुसेनेच्या विमानतळामुळे. अशा एखाद्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहून उतरणारे विमान पाहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. दूर असताना विमान एखाद्या माशासारखे गुळगुळीत दिसते. ते जवळ येते, खाली येते आणि त्याच्या पोटातून व पंखांखालून तीन पाय हळूहळू बाहेर पडतात. प्रत्येक पायाच्या टोकाला चाक असते. या पायांना वैमानिक ‘लँडिंग गिअर’ म्हणतात. आपण त्यांना विमानाची चाकयंत्रणा म्हणू.

लखनौ शहराशी या विषयाचा आणखीही एक संबंध आहे. हिंदुस्थान एअरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा तेथील कारखाना १९७० च्या सुमारास सुरू झाला. विमानांची चाके, ब्रेक आणि द्रवाच्या दाबावर चालणारी उपकरणे यांसारखे भाग तेथे तयार होतात. विमानाच्या सबंध प्रवासात चाकांचा उपयोग आरंभीची आणि शेवटची काही मिनिटेच होतो. उरलेला सर्व वेळ ती निव्वळ ओझे असतात. तरीही त्यांच्यासाठी स्वतंत्र कारखाने उभारावे लागतात. असे का, चाके बिघडली म्हणजे काय होते, आणि बिघडलेल्या चाकांनिशी विमान सुखरूप कसे उतरवितात, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे. शेवटी नागपुराहून निघालेल्या एका रुग्णवाहू विमानाची हकीगतही आपण पाहू.

पायांवर पडणारा भार

एक हजार किलोग्रॅम वजनाचे लहान विमान घ्या. उतरताना त्याला दोन गती असतात: एक पुढे जाण्याची, दुसरी खाली येण्याची. नेहमीच्या उतरण्यात खाली येण्याची गती सेकंदाला एक मीटरहूनही कमी असते. परंतु वाऱ्याचा झोत आला किंवा वैमानिकाचा अंदाज चुकला, तर ती वाढते. म्हणून लहान विमानांचे पाय सेकंदाला सुमारे तीन मीटर गतीचा आघात सोसतील असे बनवितात. ही गती दिसावयास लहान असली, तरी तिचा अर्थ असा की विमान सुमारे ४६ सेंटिमीटर उंचीवरून जमिनीवर सोडून दिले आहे. कारखान्यात पायांची कसोटीही अशीच घेतात. त्यांवर योग्य तो भार ठेवून ते खरोखरच उंचावरून खाली टाकतात.

या आघाताची गतिज ऊर्जा ४,५०० जूल होते. ती २० सेंटिमीटर अंतरात शोषून घ्यावयाची असेल, तर विमानाला सरासरी २२.५ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद इतका रोध सोसावा लागतो. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोन पटींहून थोडा अधिक. माणूस तो सहज सहन करतो. पण हेच थांबणे तीन सेंटिमीटरांत घडले, तर रोध गुरुत्वाकर्षणाच्या पंधरा पटींवर जातो. विमानाचा सांगाडा मोडतो आणि आतील माणसांच्या पाठीच्या कण्याला इजा होण्याचा संभव असतो. पायांचे पहिले काम म्हणजे थांबण्यासाठी हे थोडे अंतर मिळवून देणे.

काही लहान विमानांत हे काम पोलादाची लवचीक पट्टी करते. ती वाकते आणि पुन्हा सरळ होते. तिच्यात एक उणीव असते: शोषलेली ऊर्जा ती परत करते, म्हणून जोराने उतरलेले विमान चेंडूसारखे पुन्हा उसळते. दुसऱ्या प्रकारच्या पायांत एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या असतात; त्यांत तेल आणि दाबलेला वायू भरलेला असतो. भार पडला की तेल एका बारीक छिद्रातून जोराने वर ढकलले जाते. या खटपटीत ऊर्जेची उष्णता होते आणि विमान उसळी न घेता जमिनीला टेकते. सायकलीत हवा भरताना पंप तापतो, हे आपण अनुभवलेले असतेच. तेथेही हाताने केलेल्या श्रमाची शेवटी उष्णताच होते.

मिटणारे पाय आणि न मिटणारे पाय

सर्वच विमाने पाय पोटात घेत नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, ते विमान पस मॉथ जातीचे होते. त्याचे पाय कायम खालीच असत. इतकेच नव्हे, तर पायांवरील निमुळती आवरणे आडवी फिरवून हवेचा अडथळा मुद्दाम वाढविण्याची सोय त्यात होती. त्यायोगे वेग कमी करता येई. बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने तयार केलेल्या आणि १९९३ साली प्रथम उडालेल्या ‘हंस’ या दोन आसनी शिकाऊ विमानाचे पायही न मिटणारेच आहेत.

मग पाय मिटावयाचे कशासाठी? हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. ताशी १५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला लोंबत्या पायांचा जाच फारसा होत नाही. ताशी ४०० किलोमीटर वेग गाठावयाचा असेल, तर तोच जाच सातपट होतो. तेव्हा पाय आत घेणे परवडते. परंतु या सोयीची किंमत मोजावी लागते. न मिटणारा पाय म्हणजे एक खांब होय. मिटणारा पाय म्हणजे बिजागऱ्या, दट्टे, नळ्या, तारा, झडपा, कुलुपे आणि दिवे यांचा संसार होय. संसार वाढला की कुरबुरीही वाढतात.

पाय बाहेर कसे येतात

लहान विमानांत पाय हलविण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्यात विजेची मोटर दंड व दातेरी चाके फिरवून पाय खाली आणते. दुसऱ्यात विजेवर चालणारा पंप तेलावर दाब देतो आणि त्या दाबाने दट्टे पायांना ढकलतात. वैमानिकाला फक्त एक मूठ खाली करावयाची असते.

पाय खाली आला म्हणजे काम संपले असे नाही. तो तेथे घट्ट राहिला पाहिजे. घडीच्या टेबलाच्या पायाला एक आडपट्टी असते. ती सरळ करून किंचित पलीकडे दाबली की पाय अडकतो. मग टेबलावर कितीही भार टाकला तरी तो मिटत नाही. विमानाच्या पायालाही अशीच दुमडणारी पट्टी असते. ती पूर्ण सरळ झाली की पाय ‘कुलूपबंद’ झाला असे म्हणतात. प्रत्येक पायाच्या कुलपापाशी एक बारीक खटका असतो. कुलूप बसले की खटका दाबला जातो आणि वैमानिकासमोर एक हिरवा दिवा लागतो. तीन पायांचे तीन हिरवे दिवे दिसले की वैमानिक निःशंक होतो.

बिघाड कोणकोणते होतात

पहिला बिघाड पाय खाली न येण्याचा. पंप बंद पडतो, तेल गळते, मोटर जळते किंवा तिच्याकडे जाणारा विद्युत्प्रवाह तुटतो. दुसरा बिघाड पाय अर्धवट येण्याचा: पाय बाहेर दिसतो, पण कुलूप बसलेले नसते. हा बिघाड पहिल्यापेक्षा फसवा आहे, कारण भार पडताच पाय मिटतो. तिसरा बिघाड दिव्याचा वा खटक्याचा: पाय व्यवस्थित कुलूपबंद असतो, पण दिवा लागत नाही. चौथा बिघाड चाकाचा: टायर फुटतो, ब्रेक अडकतो, पुढचे चाक थरथरू लागते किंवा आसापासून चाक निखळते. याखेरीज जमिनीवर उभे असताना पाय चुकून मिटू नयेत, म्हणून पायांवर भार असेपर्यंत ते मिटू न देणारा एक खटका बसवितात. तोही बिघडू शकतो.

आणि पाचवा बिघाड यंत्रात नसतोच. वैमानिक पाय खाली करावयास विसरतो. हसू येण्यासारखी ही गोष्ट अनुभवी वैमानिकांच्या हातूनही घडलेली आहे. उतरण्याच्या वेळी वारा पालटतो, मनोऱ्याकडून नवी सूचना येते, समोर दुसरे विमान दिसते. या गर्दीत रोजचे एक काम सुटून जाते.

दोन मुठींची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या वायुदलात एक चमत्कारिक गोष्ट वारंवार घडू लागली. सुखरूप उतरलेले विमान धावपट्टीवरून जात असतानाच वैमानिक त्याचे पाय मिटून टाकी! दोष वैमानिकांच्या निष्काळजीपणाला देण्यात आला. आल्फॉन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष विमानात बसून पाहिले, तेव्हा त्याला आढळले की पायांची मूठ आणि पंखांच्या मागच्या झडपांची मूठ शेजारीशेजारी असून हाताला सारखीच लागते. थकलेला माणूस झडपा मिटण्यासाठी हात पुढे करी आणि चुकून पाय मिटी. चापानिसने उपाय सुचविला तो अगदी साधा होता: पायांच्या मुठीला चाकाचा आकार द्यावा आणि झडपांच्या मुठीला पाचरीचा. डोळे मिटूनही हाताला फरक कळू लागला, आणि हा घोटाळा थांबला. आजही विमानात पायांची मूठ लहानशा चाकाच्या आकाराची असते. माणसाला दोष देण्यापूर्वी त्याच्या हाताखालील यंत्र पाहावे, हा धडा त्या मुठीत साठविलेला आहे.

एका दिव्याची किंमत

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेतील मायामी शहराजवळ एक मोठे प्रवासी विमान उतरण्याच्या बेतात होते. पुढच्या पायाचा हिरवा दिवा लागला नाही. विमान पुन्हा सुमारे दोन हजार फुटांवर नेऊन स्वयंचालकाच्या स्वाधीन करण्यात आले आणि चालकवर्ग त्या दिव्याच्या मागे लागला. कोणी दिवा काढून पाहत होते, कोणी खाली उतरून पाय दिसतो का ते शोधत होते. तेवढ्यात उंची राखण्याचे स्वयंचालकाचे काम नकळत सुटले. विमान अगदी सावकाश खाली येऊ लागले आणि काळोखात ते कोणाच्याही ध्यानात आले नाही. ते दलदलीत कोसळले. विमानात १७६ माणसे होती. त्यांपैकी शंभराहून अधिक मृत्यू पावली. चौकशीअंती असे दिसून आले की पुढचा पाय खाली आलेला आणि कुलूपबंद होता. फक्त दिवा जळला होता.

हे विमान मोठे होते; परंतु धडा लहान विमानांना अधिकच लागू पडतो, कारण तेथे बहुधा एकच वैमानिक असतो. म्हणून शिकाऊ वैमानिकाला पहिली शिकवण ही असते: पायांचे काय झाले ते नंतर पाहा, आधी विमान उडवीत राहा. सुरक्षित उंची गाठा, वेग राखा, मनोऱ्याला कळवा आणि मग छापील यादी हाती घेऊन एकेक पायरी तपासा.

त्या यादीतील पायऱ्याही क्रमाने असतात. दिवा जळला आहे काय? शेजारचा चांगला दिवा काढून त्या जागी लावून पाहावा. मोटरचा विद्युत्प्रवाह तोडणारे बटण बाहेर आले आहे काय? २०११ साली वॉर्सा येथे एका मोठ्या विमानाला पाय न उघडता उतरावे लागले. त्याचे तेल गळून गेले होते. पण विजेवर चालणारी पर्यायी व्यवस्थाही चालली नाही, ती असे एक बटण बाहेर आलेले असल्यामुळे. त्यातील सर्व २३१ माणसे वाचली. यापुढची पायरी म्हणजे आणीबाणीची सोय. काही विमानांत हाताने फिरवावयाची दांडी असते, काहींत हातपंप. आणि अनेकांत तेलाचा दाब सोडून दिला की पाय स्वतःच्या वजनाने खाली पडून कुलूपबंद होतात. पंप बंद पडेल, वीज जाईल, पण गुरुत्वाकर्षण कधी बिघडत नाही, या भरवशावर ही योजना केलेली आहे.

नागपूर ते मुंबई

आता सुरुवातीस सांगितलेली हकीगत. ६ मे २०२१ या दिवशी एका रुग्णाला नेणारे दोन इंजिनांचे लहान विमान नागपूरच्या धावपट्टीवरून उडाले. देशात तेव्हा करोनाची दुसरी लाट होती आणि रुग्णवाहू विमानांची धावपळ चालू होती. विमानात चालकवर्गासह पाच माणसे होती. विमान जमीन सोडीत असतानाच त्याचे एक चाक निखळून खाली पडले. पहाऱ्यावर असलेल्या सुरक्षा दलाच्या एका जवानाच्या दृष्टीस ते पडले आणि त्याने तत्काळ वर्दी दिली.

या वर्दीचे महत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. चाक निखळले तरी पायाचे कुलूप आणि खटका शाबूत राहू शकतात. खटक्याला चाक आहे की नाही हे कळत नाही, फक्त पाय कोठे आहे एवढेच कळते. तीन हिरवे दिवे लागलेले असताना चाक मात्र नाही, अशी स्थिती उद्भवू शकते. ज्या दोषाची खबर विमानातील उपकरणे देऊ शकत नाहीत, ती जमिनीवरील एका जागरूक माणसाने दिली.

विमान मुंबईकडे नेण्यात आले. तेथे लांब धावपट्टी होती, अग्निशमन दल होते, वैद्यकीय मदत होती. धावपट्टीवर फेस पसरण्यात आला, इतर विमानांना वाट मोकळी करावयास सांगण्यात आले आणि रात्री नऊच्या सुमारास ते विमान पाय न वापरता, पोटावर घसरत उतरले. रुग्णासह पाचही जण सुखरूप बाहेर आले.

उरलेल्या चाकांवर का उतरू नये, असा प्रश्न वाचक विचारील. एका बाजूचा पाय उभा आणि दुसऱ्या बाजूचा अधू असेल, तर वेग कमी होताच विमान अधू बाजूला कलते, तिकडचा पंख जमिनीला टेकतो आणि विमान त्या टोकाभोवती गरकन फिरते. पंखांत इंधन असते. ते फुटल्यास आगीचे भय असते. उलट पोटावर घसरणारे विमान दोन्ही बाजूंनी सारखे टेकलेले असते आणि बहुधा सरळ जाते. म्हणून विमानाची माहितीपुस्तिका तसे सांगत असेल, तर सर्व पाय मिटून उतरणेच श्रेयस्कर ठरते.

पोट टेकण्याचे शास्त्र

पाय नसताना थांबण्याचे अंतर तीन सेंटिमीटरांवर येते, असे आपण मानले होते. तरीही माणसे वाचतात हे कसे? उत्तर त्याच गणितात आहे. आघाताची ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. खाली येण्याची गती तीन मीटरांऐवजी अर्धा मीटर ठेवली, तर गती सहावा हिस्सा होते आणि ऊर्जा छत्तिसावा हिस्सा. मग तीन सेंटिमीटरांतही रोध गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून कमी राहतो. पायांचे जे काम होते, ते वैमानिकाचा संथ हात करतो. पुढे जाण्याचा वेग काही शे मीटर घसरताना घर्षणाने जिरतो; ब्रेकची जागा विमानाचा पत्रा घेतो. पंखे वाकतात, पत्रा फाटतो, दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. पण पत्रा बदलता येतो, माणूस बदलता येत नाही.

या उतरण्याची तयारी घाई न करता केली जाते. इंधन जाळून विमान हलके करतात, कारण हलके विमान कमी वेगाने उतरू शकते आणि आगीला खाद्यही कमी मिळते. १३ मे २०२४ रोजी ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे असेच दोन इंजिनांचे लहान विमान पाय उघडेनात म्हणून तीन तासांच्या आसपास आकाशात घिरट्या घालीत राहिले आणि मग पोटावर उतरले; तिघेही आपल्या पायांनी चालत बाहेर आले. पट्टे आवळतात, सैल वस्तू बांधून ठेवतात, आणि सांगाडा वाकून दार अडकू नये म्हणून काही विमानांत ते टेकण्यापूर्वीच किलकिले करण्याची सूचना असते. धावपट्टीवरील फेसामुळे ठिणग्या कमी उडतात, परंतु त्याने अग्निबंबांतील साठा खर्ची पडतो. म्हणून फेस पसरावा की राखून ठेवावा, याविषयी आता जगात एकवाक्यता नाही.

जमिनीवरची दक्षता

बहुतेक बिघाडांचे मूळ आकाशात नसून जमिनीवर असते. आसाचे बेअरिंग कोरडे पडणे, नटाला पुरेसा आवळा नसणे, खटक्यात चिखल जाणे, नळीला केसासारखी चीर पडणे, या गोष्टी कारागिराच्या विजेरीच्या उजेडात दिसू शकतात. विमान टेकूंवर उचलून त्याचे पाय पुन:पुन्हा मिटून उघडून पाहणे, आणीबाणीची दांडी वेळोवेळी फिरवून पाहणे, हीच खरी खबरदारी होय. वापरात नसलेली सोय गंजते, आणि गरजेच्या दिवशीच ते उघडकीस येते.

तेव्हा पुन्हा केव्हा उतरणारे विमान पाहण्याचा योग आला, मग ते बख्शी का तालाब येथे असो, ओझरला असो वा नागपुरास, तर त्याच्या पंखांबरोबर पायांकडेही पाहावे. तीन पाय खाली दिसले की त्यांच्यामागे किती हातांचे काम उभे आहे याची आठवण ठेवावी: कारखान्यात कसोटी घेणारे, रात्री नट आवळणारे, मुठीला चाकाचा आकार देणारे, यादी हाती घेऊन न गडबडता वाचणारे. आणि पाय नीट दिसत नसतील, तर कुंपणाबाहेरून का होईना, कोणाला तरी ते सांगावे. नागपुरास एका माणसाने ते सांगितले, आणि पाच माणसे घरी पोहोचली.